शिडीवरची अक्षरं

पेंटरकाकांची एक ठरलेली पद्धत होती. जमिनीवर फतकल मारायची, पाटी मांडीवर घ्यायची आणि रंगवायची. टांगायला दुसरा माणूस. कुणी भिंतीचं काम आणलं की म्हणायचे, भिंतीवर रंग टिकत नाही. साफ थाप! तरुणपणी ते शिडीवरून पडले होते, तेव्हापासून दुसऱ्या पायरीवरच पाय लटलटा कापायचे. हे फक्त काकूंना ठाऊक होतं.

आणि शाळेच्या मोठ्या बाईंनी नेमकी भिंतच पुढे केली. सभागृहाच्या दारावर, चांगल्या उंचावर, एकाखाली एक तीन म्हणी हव्या होत्या: भीतीची, धैर्याची आणि ओढीची. पाटी नको, मागची पाटी खिळ्यासकट खाली आली होती. जमत नसेल तर फ्लेक्स छापून लावू, म्हणाल्या.

त्या भिंतीवर फ्लेक्स! लहानपणी तिथलीच अक्षरं बघत बघत काका पेंटर झाले होते. पुढे गिलावा पडला, अक्षरं गेली, पण झोपेत ते अजून पांघरुणावर बोटानं वेलांट्या काढायचे. घरी येऊन त्यांनी बाईंचं बोलणं सांगितलं, काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"शिडी मी धरते," त्या म्हणाल्या. "तुम्ही खाली बघू नका, म्हणजे झालं."

सगळ्यात वर 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस'. काका जीव मुठीत धरून चढले, कशीबशी ओळ काढली. मग 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही'. मेली केवढी लांब! शिडी चारदा सरकवावी लागली; चारदा उतरा, चारदा चढा. चौथ्यांदा काकू रंगाचा डबा आणायला गेल्या होत्या आणि शिडी कुणीच धरली नव्हती, हे काकांच्या ध्यानातही आलं नाही. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' तर त्यांनी गुणगुणत काढली.

खाली येऊन वर बघितलं आणि चेहरा पडला. खालच्या दोन ओळी कशा सरळसोट, पण पहिलीचं अक्षर न् अक्षर थरथरलेलं. पुसून पुन्हा काढतो म्हणाले, शिडीकडे निघालेसुद्धा.

"राहू द्या," काम बघायला आलेल्या मोठ्या बाई म्हणाल्या. "मुलांना आता अर्थ सांगायला नको. वरून खाली नीट बघा, एवढंच सांगेन."

काकांनी शिडी भिंतीवरून उतरवली. परतताना शिडीचं एक टोक त्यांच्या खांद्यावर होतं, दुसरं काकूंच्या.

"आता घरच्या भिंती रंगवा," मागून काकू म्हणाल्या. "तीस वर्षं रंग टिकत नव्हता आपल्याकडे."