दोन नावांची पत्रपेटी

बालमित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी पत्रपेटी. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या एका चढावरच्या घराच्या दाराशेजारी तीस वर्षं टांगलेली आहे. इथे पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, आणि नाव असेल तर तो माणूस इथेच राहतो असं सगळे धरून चालतात. माझ्यावर सुधाताईंचं नाव होतं. त्यांचे यजमान मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होते. ते गेल्यावर ताई एकट्या पडल्या आणि मलाही चार बिलं आणि मराठी मंडळाचं निमंत्रण यांपलीकडे काम उरलं नाही.

मग शिकायला आलेला शार्दूल त्यांच्याकडे भाड्याने राहिला. ताईंनी स्वतःच्या हाताने त्याच्या नावाची चिठ्ठी माझ्यावर चिकटवली. तो त्यांना मावशी म्हणायचा, हक्काने गरम पोळी मागायचा. वर्षभराने तो म्युनिकला गेला, पण नाव राहू द्या म्हणाला. दर रविवारी त्याचा फोन यायचा. ताईंना आठवड्यात तेवढाच फोन.

पुढे माझं पोट फुगायला लागलं. वकिलांची पत्रं, बायकांनी हाताने पत्ता लिहिलेली पत्रं, सगळी शार्दूलच्या नावाची. जर्मनीत वेबसाईट चालवणाऱ्याला तिच्यावर आपलं नाव आणि पत्ता द्यावा लागतो. त्याला इम्प्रेसुम म्हणतात. शार्दूलने तिथे आमचाच पत्ता दिला होता. ती वेबसाईट तुमच्या वयाच्या मुलांनी पाहण्यासारखी नव्हती. तिच्यावर बायकांचे खासगी व्हिडिओ होते आणि त्यांतल्या कित्येकींना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. त्या धंद्यावर तो गब्बर झाला. पेपरात त्याच्याविषयी पत्त्यासकट छापून आलं, तेव्हा मराठी मंडळातल्या ऊर्मिलाबाईंनी पत्ता ओळखला. त्यानंतर मंडळाचं निमंत्रण माझ्यात कधी पडलं नाही.

ताईंना कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो. त्यांनी पत्रांविषयी विचारलं तेव्हा शार्दूल म्हणाला, "मावशी, ती पत्रं कचऱ्यात टाका. तुम्हाला काय त्रास आहे?"

ताईंनी टाकली नाहीत. न उघडता कपाटात रचून ठेवली. पण नावाची चिठ्ठीही काढली नाही. तो रागावला तर रविवारचा फोन बंद होईल, ही धास्ती. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची.

मार्चमध्ये एक मुलगी धापा टाकत चढ चढून आली. ती हायडेलबर्गला संशोधन करणारी अवनी. माझ्यावरचं नाव दोनदा वाचून तिने घंटी वाजवली. ताई बाहेर आल्यावर तिने खालमानेने सगळं सांगितलं. तिच्या नकळत काढलेला व्हिडिओ त्या वेबसाईटवर होता. लॅबमधल्या दोघांनी तो पाहिला होता. चार पत्रं पाठवूनही उत्तर नव्हतं.

"काकू, तो इथेच राहतो ना?"

ताईंनी माझ्यावरच्या चिठ्ठीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "नाही राहत. तुझी पत्रं माझ्या कपाटात पडून आहेत गं. चुकलंच माझं. आत ये, त्याचा खरा पत्ता देते. पोलिसांकडेही मी येते तुझ्याबरोबर."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुरीने माझ्यावरची चिठ्ठी खरवडली. महिनाभराने अवनीचं कार्ड आलं, व्हिडिओ निघाल्याचं. ते मी मोठ्या डौलाने ताईंच्या हाती दिलं.

शार्दूलचा फोन मात्र थांबला. रविवारी पोस्टमन येत नाही हे ताईंना पक्कं ठाऊक आहे. तरी त्या खाली येतात, मला उघडून आत पाहतात आणि पुन्हा बंद करतात.

मित्रांनो, तुमच्या ओळखीचं कुणी एकटं राहत असेल, तर त्याला दोन ओळी लिहा. म्हणजे कुणाच्या एका फोनसाठी त्याला गप्प बसावं लागणार नाही.