शरणप्पाच्या गाडीची बॅटरी

शरणप्पानं पिकअपवर घर बांधलं, तेव्हा अर्धं उमरगा बघायला आलं. बघण्यासारखं होतंच म्हणा. मागच्या हौद्यावर पत्र्याची खोली, आत दोघांपुरता पलंग, शेगडी, पंखा आणि कोपऱ्यात गुडघ्याएवढा फ्रिज. फ्रिज कशाला, तर त्याच्या बायकोच्या, शिवलीलाबाईच्या इन्सुलिनला. साखरेनं तिला पुरतं पोखरलं होतं आणि आता ती डोळ्यांवर उतरली होती. दिवाळीच्या आधी सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पडद्याला सूज आहे, लेझर करू, पण नजर किती दिवस टिकेल याची हमी मी देणार नाही.

बाई तिथंच दवाखान्याच्या जिन्यात म्हणाली, "अवो, डोळे हाईत तवर मला एकदा समुद्र बघायचाय." साठ वर्षांच्या आयुष्यात तिनं नळदुर्गच्या धरणापेक्षा मोठं पाणी बघितलं नव्हतं.

"एवढंच व्हय? आपल्या गाडीतनं दाखवतो की," शरणप्पा म्हणाला. "गणपतीपुळ्याला देवळाच्या पायरीशी लाटा येत्यात." तीस वर्षं ट्रक हाकलेला माणूस, त्याला हे काय अवघड?

निघायच्या आधी एक रात्र अंगणातच गाडीत झोपून बघायचं ठरलं. तिथंच घोडं अडलं. शरणप्पानं इंजिनाची बॅटरी आणि खोलीतली बॅटरी एका वायरीनं सरळ जोडून टाकली होती. फ्रिजनं रातोरात दोन्ही पिऊन टाकल्या. सकाळी फ्रिज बंद, इन्सुलिन कोमट, आणि चावी फिरवली तर नुसती टकटक. शेजारीपाजारी पोट धरून हसले.

हायवेवर वजीरभाईचं गॅरेज आहे, ट्रकच्या वायरिंगचं. तो आला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "अण्णा, दोन म्हशी एका दाव्याला बांधल्या व्हय? एक बसली की दुसरी बी बसणार." धक्का मारून गाडी चालू केली आणि तोच चालवत गॅरेजला घेऊन गेला. जुनी बॅटरी काढून चांगली मोठी बसवली, जाड केबल ओढली, मध्ये फ्यूज घातला आणि एक चार्जर बसवला. इंजिन चालू असलं की मागची बॅटरी भरणार, इंजिन बंद झालं की दोन्ही एकमेकींपासून तुटणार. छतावर सोलरची पाटी टाकली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी गाडी दारात आणून उभी केली.

शिवलीलाबाईनं बाजरीच्या कडक भाकरी बांधल्या, शेंगाची चटणी कुटली, दोन लुगडी पिशवीत भरली. आणि सकाळी शरणप्पा म्हणतो कसा, "चार्जर गरम होतोय. वजीरला दाखवून घेतो."

मग सुरू झालं ते रडगाणं! चार्जर झाला की केबल, केबल झाली की सोलर. चैत्रात म्हणे ऊन लई हाय, बॅटरी फुगंल. जूनमध्ये कोकणात पाऊस. दर खेपेला बाईनं पिशवी भरायची आणि दर खेपेला रिकामी करायची. भाकरी घरातच खाऊन संपायच्या. तिनं कधी आवाज चढवला नाही. आपल्या औषधासाठीच माणूस एवढा जीव काढतोय, असं ती शेजारणींना कौतुकानं सांगायची. कौतुकानं! जळ्ळं मेलं ते कौतुक.

श्रावणात एका सकाळी चहा गाळताना डाव्या डोळ्यापुढं काळं उतरलं. सोलापूरला नेलं, सुया झाल्या, पण तो डोळा गेला तो गेलाच. उजव्यावरही धूर धरायला लागला. आणि शरणप्पा दसऱ्यालाही गाडीखाली पालथा पडून वायरी चाचपत होता.

दिवाळी पुन्हा तोंडावर आली, तेव्हा बाई स्वतःच रिक्षा करून वजीरभाईच्या गॅरेजवर गेली.

"वजीरभाऊ, खरं सांगा. त्या बॅटरीला झालंय तरी काय?"

वजीरनं हातातला पाना खाली ठेवला. "भाबी, तुमच्यापुढं खोटं न्हाय बोलवत. संक्रांतीपासनं तिला काडीचं काय झालेलं न्हाय. म्या इथं तीन दिवस फ्रिज चालवून बघितला, बर्फ जमला बर्फ."

"मग सारखं खोलता कशाला?"

"अण्णा म्हणत्यात खोल, म्या खोलतो. पुन्हा तसंच लावतो." तो खाली बघून बोलत होता. "ट्रकच्या शेवटच्या खेपेला जहिराबादजवळ अण्णाचा डोळा लागला होता. मोटरसायकलवरचे नवरा-बायको थोडक्यात वाचले. तवापासनं स्टिअरिंग धरायचंच भ्या बसलंय. इथनं रस्त्याच्या कडेपर्यंत जात्यात, कंटेनर गेला की गाडी बंद करत्यात. माझी चूक झाली भाबी, म्या कवाच सांगायला पायजे होतं."

शिवलीलाबाई घरी आली. शरणप्पा गाडीतल्या पलंगावर बसून मीटर बघत होता. ती चाचपत पायरी चढून आत गेली आणि दारातच उभी राहिली.

"किती दावतंय?"

"जरा कमीच हाय. वजीरला म्हणतो..."

"वजीरनं सांगितलं मला. सगळं."

मीटर त्याच्या मांडीवर तसंच राहिलं. तो मान खाली घालून म्हणाला, "तुला काय सांगू? तीस वर्षं ड्रायवर म्हणून मिरवलो. म्हटलं भ्या जाईल, आज जाईल, उद्या जाईल. तुला कुठल्या तोंडानं सांगू?"

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षांच्या संसारात ती या माणसावर कधी ओरडली नव्हती. आताही ओरडली नाही.

"भ्या वाटतंय म्हणला असता, तर म्या हसले असते व्हय तुम्हाला? एस्टीनं गेलो असतो. बर्फाच्या डब्यात औषध घालून गेलो असतो. संक्रांतीला गेलो असतो. तवा मला दोन्ही डोळ्यांनी दिसत होतं."

शरणप्पाच्या डोळ्यांना धार लागली होती. तो घाईघाईनं उठला. "उद्याच निघू. सकाळच्या एस्टीनं, व्हय, उद्याच. उजव्या डोळ्यानं थोडं दिसतंय की तुला अजून."

"तुमचा सदरा पांढरा दिसतोय," ती म्हणाली. "तोंड न्हाय दिसत."

तिला उतरवायला त्यानं हात पुढं केला. तिनं तो बाजूला सारला आणि पत्र्याला धरून एकेक पाय खाली टाकत उतरली.

"जावा तुम्ही समुद्राला," ती खालून म्हणाली. "तुम्हाला दिसतंय."