हळदीची पुडी

"कुणाच्या घरी गेलीस, तर आधी त्यांचा देव कुठाय ते विचार. मग बस."

धान्याच्या दुकानात गल्ल्यावर बसून दाक्षायणीबाईंचे वडील बसलिंगप्पा हे सांगायचे. अप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण शिवलीलानं शाळेत दाक्षायणीबाईंच्या टेबलावर वर्तमानपत्राची पुडी टाकली तेव्हा बाईंना त्यांचाच आवाज आठवला.

"उघडून बघा तुमीच," शिवलीला म्हणाली. तिनं पदर नाकाला लावला होता. "माझ्या दानेश्वरीच्या दप्तरात सापडलं. आन् त्याच रात्री पोरगी तापानं फणफणली."

पुडीत हळदीचा ओलसर गोळा होता. त्याला कुंकू लागलेलं, भोवती सुकलेली तरवडाची फुलं आणि दोऱ्याचा तुकडा.

"करणी हाय बाई ही. दुसरं काय असणार? त्या स्रवंतीच्या घरनं आणलंय. तुमीच पाठवलं होतं की तिला तिथं!"

ते खरं होतं. नववीला मानवी भूगोल शिकवताना बाईंनी उपक्रम दिला होता. आपल्याहून वेगळ्या चालीरीतीच्या घरी जायचं, एक रीत बघायची आणि त्या घरानं दिलेली एक वस्तू वर्गात आणायची. दानेश्वरी स्रवंती ह्या वर्गमैत्रिणीकडे, विणकरांच्या वस्तीत, गेली होती.

मुख्याध्यापक वेणीमाधव सर चष्म्यावरून पुडीकडे बघत होते. "बाई, एस्किमो शिकवा, मसाई शिकवा. लांबचे लोक तक्रार घेऊन येत नाहीत. नवरात्र चाललंय, उगाच वाद नको. शिपायाकडून हे विहिरीत टाकून घ्या आणि उपक्रम बंद करा."

"आन् त्या पोरीला माझ्या पोरीशेजारी बसवायचं न्हाई," शिवलीलानं बजावलं.

"पुडी माझ्याकडे राहू दे सर," दाक्षायणीबाई हळू आवाजात म्हणाल्या. पण हात पुढे झाला नाही. पट्टीनं पुडी ढकलत ढकलत त्यांनी ती टेबलाच्या खणात सारली.

दिवसभर खणातून हळदीचा वास येत राहिला. बाई लिंगायत, गळ्यात इष्टलिंग होतं. पूजा झाल्याशिवाय त्या पाण्याचा घोटही घेत नसत, दुसऱ्या देवापुढे कधी वाकल्या नव्हत्या. करणीबिरणीवर त्यांचा विश्वास नव्हता. तरी मनात येतच होतं, म्हातारी बाई परक्या पोरीला हळद कशाला देईल? आणि तो दोरा?

शाळा सुटल्यावर त्यांनी स्रवंतीला थांबवून घेतलं.

"आजीनं काय दिलं होतं गं दानेश्वरीला?"

"गौरम्मा." पोरीनं मान वर केली नाही. "आमच्या तेलुगू लोकांत नवरात्रात फुलं रचून बतुकम्मा करतात ना बाई, तिच्यावर हळदीची गौरम्मा बसवतो आमी. तिच्याभोवती टाळ्या वाजवत खेळून झालं की ती हळद घरातल्या बायका लावून घेतात. आजीनं तिच्या वाट्याची दिली. म्हणली, शाळेत आपली वस्तू ठेवणार हायेत, तर चांगलीच देऊ की."

"आणि दोरा?"

"फुलं बांधलेला. दुसरा कशाचा असणार?"

बाईंनी टेबलाचा खण किंचित उघडून पुडीकडे पाहिलं.

"दानेश्वरीची आई करणी म्हणली ना? पोरं सांगत होती. आजीच्या कानावर गेलं तर ती परत कुणाला दारात घ्यायची न्हाई." मग तिनं एकदम वर बघितलं. "आन् बाई, तुमी पट्टीनं का ढकलली? मी खिडकीतनं बघितलं."

दाक्षायणीबाईंना जपानचा चहाविधी तोंडपाठ होता. ही गौरम्मा मात्र त्यांनी कधी बघितली नव्हती.

"उद्या बतुकम्माचा शेवटचा दिवस ना तुमचा?" त्या म्हणाल्या. "मी येते. आजीला सांग."

"येते म्हणणारे लई असतात बाई," असं म्हणून स्रवंती दप्तर उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नेहमीसारखी लिंगपूजा केली, कपाळावर विभूती ओढली. सरांचा फोन येऊन गेला होता, 'तुम्ही तिकडे जाणार असं ऐकतोय, खरं का?' बाईंनी 'हो' एवढंच म्हटलं होतं. संध्याकाळी, शाळेतून घरी आणलेली पुडी त्यांनी पाटावर उघडली. बोटं क्षणभर अडलीच. मग त्यांनी वर्तमानपत्र बाजूला केलं, गोळा तळहातावर घेतला आणि धुतलेल्या चोळीच्या खणात बांधला. सुकलेली फुलंही टाकली नाहीत.

गल्लीच्या तोंडाशी शिवलीलाचं घर. ती दारातच होती, वाटच बघत असल्यासारखी. तिची नजर आधी खणाच्या गाठीवर गेली, मग बाईंच्या पिवळ्या झालेल्या हातावर.

"कुठं निघालाय बाई?"

"गृहपाठ राहिलाय माझा."

"ते... तेच हाय ना त्यात?"

"तेच आहे. ताप उतरला का पोरीचा?"

शिवलीला मागे सरकली. आतून दानेश्वरीनं डोकं बाहेर काढलं. तिच्या डोक्याला, कान झाकून, रुमाल बांधलेला होता. बाईंकडे बघून ती हसणार, तेवढ्यात आईनं दार ओढून घेतलं. कडी लागल्याचा आवाज रस्त्यापर्यंत आला.

विणकरांच्या वस्तीकडून टाळ्यांचा ठेका ऐकू येत होता. स्रवंतीच्या घरी गेल्यावर आधी काय विचारायचं ते अप्पांमुळे दाक्षायणीबाईंना माहीत होतं. पोचल्यावर दार उघडेल की नाही, ते माहीत नव्हतं. त्यांनी खण डाव्या हातात घेतला, पदर सावरला आणि आवाजाच्या दिशेनं चालू लागल्या.