पंखांची घोरपड

"आली माझी पंखांची घोरपड!" मुक्ताबाईंनी पत्त्याचं पान सतरंजीवर आपटलं. पानावर आग ओकणारा, पंखवाला लाल ड्रॅगन होता. त्याचं इंग्रजी नाव वाचता येत नसल्यानं त्यांनी स्वतःच त्याचं बारसं केलं होतं. "हाय का काय उत्तर?"

उत्कर्षानं हातातल्या निळ्या पानांकडे पाहिलं. "हरले, आत्या."

इंदापूरच्या डेअरीत दूध तपासण्याची सकाळची पाळी संपवून ती शेळगावला घरी येई. तोवर ढोबळी मिरचीचे क्रेट गाडीवर चढलेले असत. मग सासू-सुना पडवीत जादूच्या पत्त्यांचा खेळ मांडत. रविवारी बारामतीला याच खेळाची स्पर्धा होती. तिथले खेळाडू दोन-तीन रंगांची पानं मिसळत. उत्कर्षानं साठ पानांचा अख्खा डेक, म्हणजे आपला पत्त्यांचा संच, निळाच बांधला होता. निळं पान सहसा मारत नाही, समोरच्याचं पान अडवतं. त्याला थोपवत, दमवत शेवटी जिंकायचं. "एका रंगात जमणार नाही, लाल मिसळ," असं तिकडच्या सौरभनं हसून सांगितलं होतं. तिला ते एकाच रंगात जमवून दाखवायचं होतं.

प्रयोगशाळेच्या सवयीनं ती रोज एकच पान बदलून बघे. तरी सासूबाईंच्या लाल पानांपुढे निळा डेक हरतच होता.

"दाव बघू," म्हणत मुक्ताबाईंनी तिच्या हातातली पानं ओढूनच घेतली. चित्रं त्यांना पाठ होती. तळहात पुढे केलेल्या जादूगारणीवर त्यांनी बोट ठेवलं. "ही घोरपडीला अडवती न्हवं? मग दडवून का ठिवली?"

ते पान टाकताना मोठ्यानं "नाही" म्हणायचं, असा खेळाचा नियम होता. लग्न होऊन आल्यापासून उत्कर्षानं सासूबाईंना तोंडावर कधी नाही म्हटलं नव्हतं. खोट डेकमध्ये नव्हती, हे तिला ठाऊक होतं.

"तुमी एवढ्या खूश झाला हुता..."

"मला काय लेकरू समजतीस? सकाळधरनं वाकून मिरच्या तोडती, आन हितं फुकट जिंकाय बसती व्हय मी? रविवारी तो सौरभ हसला, की त्यालाबी सोडशील." त्यांनी पानं परत दिली. "पिस. परत मांड."

ऊन पायरीवरून खाली उतरलं, तेव्हा घोरपड पुन्हा आली. उत्कर्षानं जादूगारीण खाली ठेवली.

"नाही."

"आं?"

"नाही, आत्या. ती येत नाही."

पुढचं पानही अडलं, त्याच्या पुढचंही. शेवटी मुक्ताबाईंच्या हातात टाकायला काही उरलं नाही.

विरजण मागायला आलेली शेजारची झुंबर दारातच थबकली. "अगं बया! सुनंनं हरवलं व्हय?"

"हरवलं," मुक्ताबाई ताठ बसत म्हणाल्या. "चांगलं हरवलं. आन मी काय कच्ची खेळले न्हाय, इचार तिला."

"लई अवघड गेलं," उत्कर्षा म्हणाली. ते खरंच होतं.

मुक्ताबाईंनी घोरपडीवरचा मातीचा डाग पदरानं पुसला आणि पान सुनेच्या हातात दिलं.

"त्या सौरभला हे पान दाव आन सांग," त्या म्हणाल्या, "शेळगावची घोरपड अडवून आले म्हणावं."