अकरा अंगठे

गुप्ते मॅडमनी पाणी समितीच्या रजिस्टरातलं ऑक्टोबरचं पान वाचून संपवलं आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून उलटलं. नोव्हेंबर खरा होता. त्याच्या पुढची तीन पानं खोटी होती, आणि ते त्या शेडमध्ये फक्त सत्यभामाला माहीत होतं.

"नोव्हेंबर. उपस्थिती तेरा," मॅडम मोठ्यानं वाचत होत्या. "वा! टँकरचं पाणी विहिरीत न सोडता गल्लीगल्लीत टाक्या बसवाव्यात असा ठराव. हा अमलात आला?"

"आला की," समितीच्या अध्यक्ष केसरबाई म्हणाल्या. "विहिरीवर पोहरे टाकताना दोघी आत पडल्या व्हत्या. तवापासून टाक्याच."

दूध सोसायटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये लिंबखेड्याच्या पाणी समितीच्या तेरा बायका सतरंजीवर बसल्या होत्या. जनावरं चारा छावणीत गेल्यापासून सोसायटीत दुधाचा थेंब येत नव्हता, म्हणून शेड रिकामं होतं. एप्रिल होता. अकरा वाजताच पत्रा कडकड वाजायला लागला होता. समोर दोन खुर्च्या. एकीवर पुण्याहून तपासणीला आलेल्या गुप्ते मॅडम, दुसरीवर सोसायटीचे चेअरमन मोहनराव. त्यांना बोलावलं नव्हतं. शेड सोसायटीचं, म्हणून ते आले होते.

मॅडमच्या मांडीवर एक छापील तक्ता होता. गावातली दूध सोसायटी, भजनी मंडळ, तरुण मंडळ, मशिदीची कमिटी आणि पाणी समिती, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. तक्त्याच्या माथ्यावर लिहिलं होतं, 'नागरी समाजाची सक्षमता'. सकाळी मॅडमनी ते वाचून दाखवलं तेव्हा केसरबाईंनी विचारलं होतं, "नागरी म्हंजी शहरातलं ना? मंग हितं कावून मोजायला आलात?" मॅडम हसल्या होत्या आणि मग त्यांनी अर्धा तास समजावून सांगितलं होतं.

बायकांना त्यातलं एकच पक्कं समजलं होतं. पाणी समितीला सरासरी तीन गुण पडले, तर टँकरच्या खेपांवर समितीची सही चालणार. नाही पडले, तर आहे तसंच, मोहनरावांची. मोहनरावांच्या सहीनं कागदावर रोज चार खेपा उतरत. गावात दोन उतरत, आणि दुसरी अर्धी असे.

"डिसेंबर," मॅडमनी वाचलं. "उपस्थिती तेरा. सलग पूर्ण उपस्थिती! हे मी फार कमी ठिकाणी पाहिलंय."

सत्यभामानं पदराखाली हाताची मूठ वळली.

लग्नानंतर दोन वर्षांनी तिला नवऱ्यानं टाकली, तेव्हापासून ती भावाकडे राहत होती. सातवी पास. बारा वर्षं ती भावजयीच्या घरातली एक वाढीव थाळी होती. तीन वर्षांपूर्वी पाणी समिती झाली, मराठी लिहिता येणारी ती एकटीच, म्हणून सचिव झाली. त्या दिवसापासून भावजय तिला चारचौघांत 'वन्स' म्हणायला लागली आणि पोस्टमन 'सचिवबाई'.

डिसेंबर लागला तशी समितीतल्या अकराजणी ऊसतोडीला गेल्या. दरवर्षी जातात. गावात उरल्या ती आणि मदिनाबी. मदिनाबीच्या नवऱ्याचं मांजरसुंब्याला पंक्चरचं दुकान, त्यामुळे ती कुठं जात नसे. समितीला मदत करणाऱ्या संस्थेच्या साहेबानं मात्र फोनवर बजावलं होतं, "रजिस्टरात खंड नको. खंड दिसला की समिती मेली असं धरतात वरती." सत्यभामानं दार लावून घेतलं, शाईचा पॅड उघडला आणि अकरा नावांपुढे आपली बोटं उठवली. नावं अकरा, बोटं दहा. अकराव्या नावाला डावा अंगठा पुन्हा, जरा तिरका. असं तीन महिने.

"जरा थांबा मॅडम." मोहनरावांनी पाय सरळ केले. आवाज गोड होता. "डिसेंबरची तारीख किती म्हणालात?"

"अठरा."

"मंगळवार. आन जानेवारीची?"

मॅडमनी पान उलटलं. "पंधरा."

"संक्रांतीचा दुसरा दिस. बरं बरं. वाचा, वाचा."

मॅडमनी वाचलं नाही. त्यांनी चष्मा वर सरकवून मोहनरावांकडे पाहिलं. "काय म्हणायचंय तुम्हाला?"

"मी काय म्हणू? मी साधा माणूस. फकस्त या केसरबाईंना इचारा, संक्रांत कुठं केली म्हणून."

मॅडम केसरबाईंकडे वळल्या. "तुम्ही जानेवारीच्या सभेला हजर होतात?"

केसरबाईंनी आधी रजिस्टराकडे पाहिलं, मग सत्यभामाकडे. सत्यभामाची मान खाली होती. त्या मानेवरून केसरबाईंना काय कळायचं ते कळलं.

"व्हते," केसरबाई म्हणाल्या.

मोहनराव मोकळे हसले. "अवो, तुमी तवा साताऱ्याकडं उसाच्या फडात व्हता! मुकादम मी, माझ्याच टोळीत. या अकराच्या अकरा. हजेरीवही घरी हाय, आणू का?"

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "मुक्ताबाई, तुम्ही?"

मुक्ताबाईंच्या मांडीवर नात झोपली होती. त्यांनी तिच्या तोंडावरची माशी हाकलली आणि वर न बघता म्हणाल्या, "व्हते की."

"चंद्रभागाबाई?"

सत्यभामाला दिसलं की आता ही रांग अशीच पुढे सरकणार. एकेक बाई तिच्यासाठी खोटं बोलणार, मग हजेरीवही येणार, आणि तेराच्या तेरा खोट्या ठरणार. ती उठली. पाय बधिर झाला होता, भिंतीला धरून उभी राहिली.

"नका इचारू मॅडम. त्या नव्हत्या. ते अंगठे माझे हायत. सगळी बोटं माझीच."

नात जागी होऊन रडायला लागली. मुक्ताबाईंनी तिला खांद्यावर घेतलं.

"म्हणजे सभा झाल्याच नाहीत?" मॅडमनी विचारलं.

"झाल्या," मदिनाबी मध्येच बोलली. "माझ्या ओट्यावर झाल्या. फोन लावायचो फडात, आवाज मोठा करून ठेवायचो. तिकडं ह्या समद्या चुलीपाशी बसायच्या. एकल्या म्हाताऱ्यांच्या घरी आदी पाणी, हे तिथनंच ठरलं. अल्लाची कसम, खोटं न्हाई."

"फोनवर मीटिंग!" मोहनराव म्हणाले. "मंग पाणी बी फोनवर येत आसंल."

"तुमच्या टँकरपरीस जास्तच येतं," मदिनाबी म्हणाली. दोघी-तिघी हसल्या आणि लगेच गप्प झाल्या.

मॅडमना हसू आलं नाही. "मग तसंच का नाही लिहिलं, सत्यभामाबाई? दोघी हजर, अकरा फोनवर."

"रकाना नव्हता," सत्यभामा म्हणाली. "ठिकाण आन अंगठा, दोनच रकाने हायत. फोनचा न्हाई."

मॅडमनी मांडीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. मग 'नोंदींची सत्यता' या ओळीपुढे त्यांनी शून्य काढलं. मोठं, ठळक. पुढच्या बायकांना ते समोरूनही कळलं.

"झालं तर मंग," मोहनराव उठायच्या बेतात म्हणाले. "समिती खोटी निघाली. चहा घेऊन जावा मॅडम, घरी सांगून ठिवलाय."

"बसा," केसरबाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज चढला नव्हता. मोहनराव अर्धे उठलेले पुन्हा बसले.

केसरबाई सत्यभामाकडे वळल्या. "माझा अंगठा तू लावलास?"

"हां, केसरकाकू."

"मला न इचारता?"

"साहेब म्हणले, खंड नको. आन ठरलं तर समदं खरंच व्हतं. तुमीच ठरवलं व्हतं."

"ठरलेलं खरं व्हतं, तर अंगठा खोटा कावून?" केसरबाईंनी स्वतःचा अंगठा पुढे धरला. "ह्या सोसायटीत माझ्या नावाचा अंगठा कुणीतरी लावला आन माझं सभासदपण गेलं. मी चारा कापायला गेलते, हितं माझा अंगठा उठला. सात बायकांचं तसंच झालं. म्हणून आपण समिती काढली. पयला ठराव काय केलता आपण? सांग."

सत्यभामानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"सांग की. तुझ्याच हातानं लिहिलाय."

"जिचा अंगठा तिनंच लावायचा. दुसरीचा लावंल ती समितीत राहणार न्हाई."

मोहनरावांच्या चेहऱ्यावर हसू फुटू लागलं होतं. केसरबाईंनी तिकडे न बघताच म्हटलं, "आन तुमी हसू नका चेअरमनसाहेब. पोर शिकली ती तुमच्याच वह्या बघून."

मग बायका आपापसात बोलायला लागल्या. सगळ्या एकदम, दबक्या आवाजात, कडक. मॅडमनी मध्ये पडायचा एकदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. एक म्हणाली, तिनं स्वतःसाठी थोडंच केलं? दुसरी म्हणाली, गेल्या वर्षी मी टँकरवर नंबर सोडून भरलं तर महिनाभर काढलं व्हतं ना मला, तवा कुणी म्हणलं का, घरी बाळंतीण हाय म्हणून? मदिनाबी म्हणाली, "इतकी साधी पोर. एकवार माफ करा." त्यावर चंद्रभागाबाई म्हणाल्या, "माफ करूच गं. पर आज न्हाई काढली तर उद्या ह्यांच्या तोंडावर काय सांगायचं?" आणि हनुवटीनं खुर्चीकडे खूण केली.

केसरबाईंनी हात वर करायला सांगितलं. सत्यभामा समितीतून काढावी, ज्यांना वाटतं त्यांनी.

हात एकेक करून वर आले. काहींचे कोपरापर्यंतच. सवयीनं सत्यभामानंच मोजले. दहा. विरोधात मदिनाबी एकटी. मुक्ताबाईंचे दोन्ही हात नातीला धरण्यात गुंतले होते.

गुप्ते मॅडम तक्त्यात खाली कुठंतरी शोधत होत्या. शेवटून दुसऱ्या ओळीवर त्यांचं पेन थांबलं. 'संस्था आपल्या चुका स्वतः दुरुस्त करते का?' तिथं त्यांनी पाच लिहिले. मग कागदाच्या कोपऱ्यात बेरीज मांडली, दोनदा तपासली.

"तीनच्या वर जातंय," त्या म्हणाल्या. "थोडंसंच. टँकरची सही समितीची."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुक्ताबाईंनी डोळे मिटून घेतले एवढंच. मोहनरावांनी रुमालानं मान पुसली.

"पण हा ठराव मला लेखी हवा," मॅडम म्हणाल्या. "आत्ता, रजिस्टरमध्ये. त्याशिवाय हे पाच गुण मला धरता येणार नाहीत. कोण लिहील?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मदिनाबीला उर्दू येत होतं. बाकीच्यांना नाव गिरवण्यापुरतंही नाही.

"आणा हिकडं, मी लिहितो," मोहनराव म्हणाले.

"नको," केसरबाई म्हणाल्या. त्यांनी रजिस्टर मॅडमच्या मांडीवरून उचललं, सतरंजीवर ठेवलं आणि सत्यभामापुढे सरकवलं. "लिही पोरी. तुझं अक्षर चांगलं हाय."

सत्यभामा मांडी घालून बसली. तिनं कोरं पान काढलं, पट्टीनं समास आखला. तारीख टाकली. ठिकाण लिहिलं, दूध सोसायटीचं शेड. 'ठराव' हा शब्द लिहून त्याखाली रेघ ओढली. पुढची ओळ सुचायला तिला वेळ लागला. कुणी घाई केली नाही. बाहेर छावणीकडे जाणारी चाऱ्याची गाडी खडखडत गेली, गाडीचा आवाज विरेपर्यंत सत्यभामाचं पेन कागदावरच टेकलेलं होतं. मग तिनं एका दमात लिहून काढलं. स्वतःचं नाव पूर्ण, वडिलांच्या नावासकट. कारणाच्या जागी तिनं कारण लिहिलं, काही गाळलं नाही. अनुमोदन, चंद्रभागाबाई. बाजूनं दहा, विरोधात एक.

"वाच," केसरबाई म्हणाल्या. "न वाचता आमी अंगठा देत न्हाई."

सत्यभामानं बसल्याबसल्या वाचलं. वाचताना एकदा थांबली आणि शेवटपर्यंत गेली.

शेडच्या मागच्या बाजूला, दाराशी बसलेल्या दोघींनी माना उंचावल्या. पत्र्याच्या आवाजात त्यांना नीट कळलं नव्हतं.

"मागल्यांना ऐकू आलं न्हाई गं," केसरबाई म्हणाल्या.

सत्यभामा उभी राहिली. रजिस्टर दोन्ही हातांत धरलं आणि तारखेपासून, मोठ्यानं, पुन्हा वाचायला लागली.