एकशे अकरा किलोमीटर

सून गाडी घेऊन आली तेव्हा मिस्त्री गॅरेजात दुसऱ्याच एका गाडीखाली आडवा झाला होता. त्याला आधी आवाज ऐकू आला, मग चाकं दिसली. असा आवाज अख्ख्या जगात एकाच गाडीचा होता आणि ती चालवणारा तीन महिन्यांपूर्वी गेला होता. मिस्त्रीच्या हातातला पाना सुटून छातीवर पडला. लागलं, पण तो ओरडला नाही. पोरगा गेल्यापासून त्याने ओरडणं सोडलं होतं. त्याआधी मात्र ती सवय चांगलीच होती, आणि सगळं बिनसलं ते त्या सवयीपायीच.

पोराला घरात भोंगा म्हणत. जन्मला तेव्हाच इतका रडला होता की नर्स कानावर हात ठेवून बाहेर आली. मोठेपणीही त्याने नाव राखलं. बापाच्याच गॅरेजात काम शिकला, लग्नानंतर एकशे बारा किलोमीटर लांब जाऊन स्वतःचं गॅरेज टाकलं आणि जरा बस्तान बसतंय तोच स्वतःच्या गाडीचे दोन्ही कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून भंगारात दिले. धूर गाळायला नळीत बसवलेले ते डबे. ते काढले की इंजिन मोकळा श्वास घेतं, असं त्याचं म्हणणं. श्वासाचं देव जाणे, गळा मात्र मोकळा झाला. आणि स्टिअरिंगमागे इंजिनचा पिवळा दिवा लागला तो लागलाच.

सव्वादोन वर्षांपूर्वी तो तशीच गाडी घेऊन बापाकडे आला. चार गिऱ्हाइकं उभी होती.

"बाबा, मागचे सेन्सर बोंब मारतायत. काहीतरी जुगाड सांगा ना, दिवा तेवढा बंद होईल असा."

"सेन्सर खरं बोलतायत," मिस्त्री म्हणाला. "त्यांचं तोंड दाबायला मी इथे बसलेलो नाही. डबे परत बसव."

"ते बसवायचे तर काढले कशाला?"

मग मिस्त्रीचा आवाज चढला. नको ते सगळं बोलून झालं आणि शेवटी तो म्हणाला, "हा दिवा बंद होत नाही तोवर ही गाडी माझ्या फाटकात दिसता कामा नये."

"बरं," भोंगा म्हणाला. "दिवा बंद करूनच येईन."

मध्ये पडायला भोंग्याची आई असती तर आठवडाभरात दोघं एका ताटात जेवले असते. पण ती आधीच गेली होती. बापलेक एकाच मुशीतून निघालेले. फोन आधी कोणी करायचा, यातच दोन वर्षं गेली. मग एका सकाळी भोंगा बुटाची नाडी बांधायला म्हणून खाली बसला, तो उठलाच नाही. मिस्त्री अंत्यविधीला गेला, कोपऱ्यात उभा राहिला, आल्या पावली परतला. तेव्हापासून त्याला एकच गोष्ट खात होती. दोन वर्षांत पोराला एकदाही बापाकडे यावंसं वाटलं नाही. गाडी नाही तर नाही, बसने यायचं होतं. दुःख तर होतंच, पण मेलेल्या पोरावरचा राग त्याहून जड होता, आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती.

सून गाडीतून उतरली. वाळली होती.

"बाबा, गाडी विकायचीय. धुराच्या तपासणीत पास होत नाही. डबे मागवलेत मी, डिकीत आहेत. तेवढे बसवून द्या."

"तिकडे कोणी नव्हतं?"

"होते की. पण तुमच्या हातून झालं तर बरं वाटेल."

मिस्त्रीने ड्रायव्हरचं दार उघडलं आणि तिथेच थांबला.

त्याची एक जुनी पद्धत होती. काम झालं की गाडी किती किलोमीटर चालली तो आकडा दाराच्या आतल्या काठावर पिवळ्या मेणखडूने लिहायचा. कागद हरवतात, दार हरवत नाही, असं तो शिकणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा. भोंगा बाकी काही ऐको न ऐको, हे त्याने ऐकलं होतं. काठावर आकड्यांच्या सहा जोड्या होत्या. प्रत्येक जोडीत पहिल्या आकड्यापुढे रिकामं वर्तुळ, दुसऱ्यापुढे भरलेलं.

मिस्त्रीला ते समजायला वेळ लागला नाही. स्कॅनर लावून गाडीत नोंदलेली चूक पुसली की दिवा बंद होतो. पण गाडी काही अंतर चालली की तिचा कॉम्प्युटर पुन्हा तपासतो, डबे सापडत नाहीत, दिवा पुन्हा लागतो. रिकामं वर्तुळ म्हणजे दिवा पुसला, भरलेलं म्हणजे लागला. पोरगा दर वेळी सेन्सरखाली काहीतरी खटपट करून दिवा लागणं आणखी लांब ढकलू पाहत होता. मिस्त्रीने मनातल्या मनात वजाबाकी केली. अडतीस. एकोणसाठ. चौसष्ट. पुन्हा चौसष्ट. त्र्याण्णव.

शेवटची वजाबाकी त्याने दोनदा केली. एकशे अकरा.

"हा गाडी घेऊन कुठे जायचा?" त्याने विचारलं.

"ट्रायलला. रविवारी पहाटे निघायचे, दुपारपर्यंत परत. यायचे ते तोंड पाडूनच. म्हणायचे, लागला पुन्हा." सून जरा थांबली. "शेवटच्या वेळी मात्र हसत आले. म्हणाले, आता अगदी थोडक्यात राहिलंय. त्यानंतर पंधरा दिवसांत..."

मिस्त्री गॅरेजच्या पायरीवर बसला. त्याच्या फाटकापासून एक किलोमीटर म्हणजे पाण्याच्या टाकीचं वळण. तिथून गॅरेजची निळी पाटी दिसते. आणि त्याला तो रविवार आठवला. सकाळी चहा पिताना त्याने टाकीच्या बाजूला हाच आवाज ऐकला होता. कप तसाच ठेवून तो फाटकापर्यंत धावत गेला होता. आवाज थांबला, बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा सुरू झाला आणि लांब गेला. आपले कान वाजतात, असं म्हणत तो आत आला होता. चहा गार झाला म्हणून कुणावर तरी खेकसलाही होता.

"ट्रायलला नाही गं," तो म्हणाला. "माझ्याकडे यायला निघायचा. मी म्हटलं होतं दिवा बंद करून ये. तो लागला की तिथून माघारी फिरायचा गाढव. टाकीपर्यंत आला होता. मी फाटकात उभा होतो, पोरी. चार पावलं पुढे गेलो असतो तर दिसला असता मला."

सून त्याच्या शेजारी बसली. दोघंही रडले, आणि गॅरेजात कामाला आलेली माणसं हळूच बाहेर जाऊन उभी राहिली.

डबे बसवायला दुपार झाली. मिस्त्रीने कुणाला हात लावू दिला नाही. भोंग्याने घडवून सेन्सरखाली बसवलेल्या दोन नळ्या काढून त्याने खिशात टाकल्या. काम मोठं सुबक होतं. पोराला तोंडावर कधी म्हटलं नव्हतं, पण हात चांगला होता त्याचा. मग त्याने चूक पुसली आणि पोराच्या आकड्यांखाली नवा आकडा लिहिला. पुढे रिकामं वर्तुळ.

"चल, तुला सोडतो. मी येईन बसने."

टाकीच्या वळणावर त्याने पाय सैल केला, पण थांबला नाही. सगळ्या वाटेने त्याचा एक डोळा त्या दिव्याच्या जागेवर होता. अडतीस गेले, चौसष्ट गेले, त्र्याण्णव गेले. एकशे अकरालाही तिथे काळोखच होता. भोंग्याच्या दारात पोचेपर्यंत दिवा लागला नाही. गाडी इतकी गप्प आली की शेजारपाजारच्या कुणी खिडकीतून डोकावलंही नाही.

सून कुलूप काढायला पुढे गेली. मिस्त्रीने दार उघडून काठावर दुसरा आकडा लिहिला, त्यापुढेही रिकामंच वर्तुळ काढलं, आणि मेणखडू हातात धरून तो सीटवर तसाच बसून राहिला.

"बंद झाला रे," तो हळूच म्हणाला. "ये आता."