निंगव्वाशेजारी

गुडघाभर खड्डा झाला आणि पहार खणकन वाजून परत आली. खणणाऱ्या सिदूने हाताने माती सारली. खाली काळे, तांबडे, पांढुरके दगडांचे तुकडे होते. काही नदीने घासून गोल केलेले, काही अजून टोकेरी. चुन्यात कालवल्यासारखे ते एकमेकांना धरून बसले होते. प्रत्येक तुकडा वेगळा दिसत होता, पण निघत एकही नव्हता.

बाभळीच्या सावलीत शिवबाईचा नवरा वीरभद्रप्पा मांडी घालून बसवलेला होता. कपाळाला विभूती, गळ्यात झेंडूची माळ. लिंगायताला बसवूनच मातीआड करायचे, म्हणून खड्डा खोल हवा. सोलापुरात समाजाची जागा होती. पण गिरणी सुटून अंथरूण धरल्यापासून त्याचे एकच म्हणणे होते : मला सीनाकाठच्या शेतात निंगव्वाशेजारी बसवा. निंगव्वा त्यांची एकुलती लेक. गोवराने गेली, तेव्हा तिला गुडघाभर मातीही पुष्कळ झाली होती.

"ह्यो फुटायचा न्हाय," सिदू म्हणाला.

"जेवलास की न्हाय सकाळी?" असे म्हणत दीर शिवप्पा स्वतः खाली उतरला. त्याच्या घावाने एका गोट्याची दोन शकले झाली. चुना मात्र सुटला नाही. पहार सिदूच्या हातात देऊन तो वर आला.

ऊन कलले होते. जंगमस्वामी म्हणाले, "वर काळ्या रानात घ्या. तितं माती हाय."

"आन् निंगी?" शिवबाईने विचारले. "त्येंना हितं जागा न्हाय, तर तिला वर न्या की. तिचा खड्डा उथळच हाय."

"वैनी," शिवप्पाचा आवाज खाली आला, "लई वर्सं झाली. काय हाताला लागंल? आन् लागलं तर तुमाला बघवंल का?"

तिने खड्ड्यात पाहिले. कुठल्या कुठल्या डोंगरांचे तुकडे वाहत येऊन इथे एका जागी बसले होते.

"वर घ्या," ती म्हणाली.

काळ्या रानात काम झटपट झाले. स्वामींचे मंत्र झाले, बेल पडला, माती पडली. माणसे बैलगाडीकडे वळली. मोकळा खड्डा ठेवू नये, म्हणून सिदू आधीचा खड्डा बुजवायला खाली नदीकडे गेला. शिवबाई त्याच्या मागोमाग गेली.

"सिदू, मी बुटकी हाय की. बसले तर मला पुरंल का रं ह्यो?"

सिदूने तिच्याकडे पाहिले, मग खड्ड्याकडे.

"डोस्कं वर ऱ्हाईल, यव्वा," तो म्हणाला आणि फावड्याने माती ओढू लागला.